देशासाठीचं मागणं अंगणातच

गेल्या पंधरा ऑगस्टला मी आमच्या मंडळीसमोर, डोळे मिटून, दोन्ही हात वर करून, देशाचा अंत्यविधी उरकला.

हेतू तसा नव्हता. आमच्याकडे जुनी पद्धत आहे. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला शाळेतलं झेंडावंदन झालं की गावातली आम्ही ख्रिस्ती घरं प्रार्थनागृहाच्या अंगणात जमतो. प्रार्थनागृह म्हणजे फार काही नाही, विटांच्या भिंती, वर पत्रे आणि समोर सारवलेलं अंगण. सतरंज्या अंथरायच्या, एकाने सुरुवात करायची आणि मग ज्याने त्याने देशासाठी आपलं मागणं मांडायचं. त्याला आम्ही ‘वाटा घालणं’ म्हणतो. कोणी पावसासाठी मागतं, कोणी सीमेवरच्या जवानांसाठी, कोणी पंतप्रधानांसाठी, तर कोणी नवापूरहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरसाठी. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, त्यामुळे सुरुवात करायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे. कारण माझा आवाज मोठा आहे. दुसरं कारण अजून कोणी सांगितलेलं नाही.

त्या पावसाळ्यात आमच्यातली म्हातारी माणसं एकामागोमाग एक गेली आणि त्यांच्या मातीच्या वेळची प्रार्थना मीच केली होती. पुस्तकात न बघता प्रार्थना करणाऱ्यांना हे कळेल. शब्द आपोआप येतात, आणि काल ज्या वाटेने गेले त्याच वाटेने आजही जातात. मी सुरुवात केली, “हे स्वर्गीय पित्या, हा आमचा प्रिय देश तू आम्हांला दिलास...” इथवर ठीक होतं. पण ‘प्रिय’ तोंडातून गेलं आणि जीभ कबरस्तानाकडे वळली. “...आणि आता तू त्याला आपल्याजवळ बोलावून घेतलं आहेस. मागे राहिलेल्यांचं सांत्वन कर.”

“आमेन,” सगळं अंगण म्हणालं. सवयीने. एका आजीने तर पदर डोळ्यांना लावला.

मग पोरांच्या ओळीत कोणीतरी फिसकन हसलं, आणि बायकांच्या बाजूने मला एकच खोकला ऐकू आला. तो माझ्या बायकोचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तो खोकला शंभर खोकल्यांतून ओळखतो. मी डोळे उघडले, चूक कळली, देशाला घाईघाईने जिवंत केलं, त्याला दीर्घायुष्य मागितलं आणि खाली बसलो. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. तिथंच संपायला हवं होतं.

पण माझा मेहुणा सुरतेहून आला होता. नवा मोबाईल घेऊन. बहिणीच्या नवऱ्याचा कार्यक्रम म्हणून त्याने कौतुकाने सगळं टिपलं, आणि त्यातला तेवढाच तुकडा, देशाला बोलावून घेतल्याचा आणि आमेनचा, हसण्याच्या चिन्हांसकट आपल्या स्टेटसला लावला.

दुसऱ्या दिवशी नंदुरबारला दुकानात गेलो. मी खत-बियाण्याच्या दुकानात काम करतो, सेठ मारवाडी, मनाने मोकळा. मला बघताच त्याने गल्ल्यावरूनच विचारलं, “क्यों भाई, देश का क्रियाकर्म कर दिया? तेरहवीं में लड्डू मिलेंगे?” दिवसभर गिऱ्हाइकांना तो तुकडा दाखवत बसला. मीही युरियाच्या गोण्या उचलता उचलता दात काढत होतो. दुसरं काय करणार. बायकोने मात्र भावाशी बोलणं टाकलं. त्याच्या ताटात भाजी वाढायची ती अशी, की भाजीलाच अपमान वाटावा.

असं वाटलं, झालं, लोक विसरले. जानेवारी उजाडला आणि तोच तुकडा पुन्हा फिरायला लागला. या वेळी हसण्याची चिन्हं नव्हती. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, की बघा, ही माणसं देशाचं मरण मागतात.

आमचे पोलीस पाटील एका संध्याकाळी घरी आले. ते आणि मी एका बाकावर बसून शिकलो. देव वेगळा, पण माझ्या लग्नात पंगतीला वाढायला तेच कमरेला टॉवेल बांधून उभे होते. आमच्या घरात कोकणी, म्हणजे आम्हा आदिवासींची डोंगराकडची बोली, चालते, त्यांच्या घरात अहिराणी, आणि आम्ही दोघं भेटलो की अहिराणीच होते.

“भाऊ, हाई काय करी ठेवं तू?” खाटेवर बसता बसता ते म्हणाले.

“चूक व्हयनी भो. जीभ घसरनी.”

“मले माहीत शे. मी तुले नही वळखस का? तू शाळामा बी पाढा म्हनता म्हनता कवितामा घुसी जाये.” ते हसले, मग हसू आवरलं. गावातले काही तरुण तापलेत, सव्वीस जानेवारीला तुमच्या अंगणासमोर येणार म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. “मन्हं ऐक. घरमा प्रार्थना करा, आजारीसाठे करा, पोरेसना परीक्षासाठे करा. कोनी काही म्हनाव नही. फक्त देशनं नाव नका लेऊ.”

“देश मन्हा बी शे ना?”

“शे ना! नही कोन म्हनस? म्हनीसन तर सांगी ऱ्हायनू. नहीतर असं करा, शाळाना मैदानवर करा, माइक लावीसन, झेंडासमोर. बठ्ठासले दिखू द्या तुमनं प्रेम.”

त्यांचं म्हणणं वाईट नव्हतं. ते गेले, चहाचा कप तसाच अर्धा ठेवून. आणि मी तिथेच बसून राहिलो. मला राग येत होता, पण कशाचा ते नीट सापडत नव्हतं. नाव घेऊ नका म्हणाले त्याचा, की माइकवरून घ्या म्हणाले त्याचा?

मी शूर माणूस नाही, हे आधीच सांगतो. गल्लीतलं कुत्रं गुरगुरलं तर मी पलीकडच्या गल्लीने दुकानाची गाडी धरतो. एकदा कंडक्टरने उरलेले सुट्टे परत दिले नाहीत, तर मीच त्याला धन्यवाद म्हणून उतरलो होतो. अशा माणसाला राग आला की त्याची त्यालाच पंचाईत होते. ठेवायचा कुठे?

रविवारी उपासना झाल्यावर मंडळी तिथंच बसली. आमचे वडील, म्हणजे मंडळीचे वडीलधारे कारभारी, नात्याने माझे काका. त्यांनी थेट विषय काढला. ते म्हणाले, की सव्वीस जानेवारीचं राहू द्यावं. फारच वाटलं तर आत बसून, दार लावून, मनातल्या मनात करावं.

“काका, मनातल्या मनात तर मी गणित करतो, तेही चुकतं,” मी म्हणालो.

“तुझ्या तोंडामुळेच हे झालं ना? तू तर बोलूच नकोस.”

हे खरं होतं. काका पुढे बोलत राहिले. “हे बघा, निम्मी माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेलीत. जी आहेत त्यांना घरदार आहे, लेकरं आहेत. आणि मला सांगा, आपण नाही मागितलं तर देशाचं काय अडतं? दिल्लीवाल्यांना ठाऊक तरी आहे का, की इथं पत्र्याखाली कोणी त्यांच्यासाठी गुडघे टेकतंय?”

कोणीतरी मागून म्हणालं, “आणि ते आपल्यासाठी काय करतात?”

“हं,” काका म्हणाले. “ते एक आहेच.”

तेव्हा मला राग सापडला. तो तरुणांचा नव्हता, पाटलांचा नव्हता. या ‘हं’चा होता.

कारण मला माझा बाप आठवला. माझ्या लहानपणी एका फॉरेस्ट गार्डने त्याची कुऱ्हाड काढून घेतली होती. सरपणासाठी वाळकं लाकूड तोडत होता, तेवढ्यावर. कुऱ्हाड गेली, वर दोन कानाखाली बसल्या. त्या रात्री जेवणाआधी बापाने प्रार्थना केली, ती त्या गार्डसाठी. त्याच्या बायकोला दमा होता हे बापाला माहीत होतं, तर तिला श्वास दे म्हणाला. आईने भाकरीचं टोपलं आपटलं. “मारणाऱ्यासाठी मागता? लाज नाही?” बाप म्हणाला, “लाज त्याला वाटू दे. मी मागतो, कारण सरकार माझं आहे. त्याच्या हातात दिलंय, पण माझं आहे.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच बाप रेंजच्या ऑफिसात जाऊन साहेबासमोर उभा राहिला, कुऱ्हाड परत मागायला. संध्याकाळपर्यंत उभा. मिळाली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला.

तेव्हा मला हे दोन वेगळे बाप वाटायचे. एक देवापुढे मऊ, एक साहेबापुढे कडक. आता कळतं, एकच होता. ज्याच्यासाठी तुम्ही रात्री देवाकडे मागता, त्याच्या डोळ्यांत सकाळी बघता येतं. ज्याला फक्त शिव्या घालता, त्याच्यापुढे गेलं की मान खाली जाते. माझी जाते, मला माहीत आहे. कंडक्टरसाठी मी कधी प्रार्थना केली नव्हती.

मी हे सगळं तिथं बोललो असतो तर बरं झालं असतं. मी उठलो तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे एका पायावर उभा राहून बोललो, आणि बोललो ते असं:

“काका, शास्त्रात अधिकाऱ्यांसाठी मागा असं सांगितलंय. ज्या प्रेषिताने ते लिहिलं त्याला त्याच अधिकाऱ्यांनी तुरुंगात टाकलं होतं. तो म्हणाला का, ते आपल्यासाठी काय करतात? देशासाठी मागणं म्हणजे देशापुढे गोंडा घोळणं नाही. आपल्या आरोग्य केंद्रात नर्स नव्हती, तेव्हा आपण तिच्यासाठी इथंच मागितलं होतं की नाही? आणि मागून झाल्यावर कोणीतरी म्हणालं, आता अर्ज पण देऊन येऊ. गेलो की नाही? मागितलं नसतं तर गेलोच नसतो. घरी बसून सरकारला नावं ठेवली असती. मी तर ठेवतोच.”

“आणि माइकचं काय?” काका म्हणाले. “पाटील म्हणतात तसं मैदानावर करू. भीती पण नाही, भांडण पण नाही.”

“नाही करायचं. तिथं आपण देवाशी नाही, मोबाईलशी बोलणार. मी आईवर प्रेम करतो हे चौकात ओरडून सांगायला लागलो तर आईच मला आधी चप्पल मारेल. आपण आजपर्यंत जिथं बसलो तिथंच बसू. आवाज तेवढाच. दार उघडं. ज्याला ऐकायचं त्याने कुंपणाशी उभं राहून ऐकावं. बोलावणार नाही, लपवणारही नाही. लपून मागितलं तर लोक म्हणतील, काहीतरी काळंबेरं आहे. दाखवून मागितलं तर म्हणतील, घाबरले. आणि मुळीच मागितलं नाही, तर मग ते जे म्हणतात तेच खरं, की देश आपला नाही. हे मला मान्य नाही. माझा बाप इथल्या मातीत आहे. मी परका होऊन बसणार नाही, कोणी कितीही लाल अक्षरांत लिहिलं तरी.”

मग काका म्हणाले, “आणि कोणीच नाही आलं तर?”

“तर मी एकटा बसेन.”

“लोक वेडा म्हणतील.”

“ते आधीपासून म्हणतात.”

पुढच्या ओळीतली आजी, तीच पदरवाली, कोकणीत पुटपुटली, की एकटा बसला तर हा पुन्हा सगळ्यांना मारून टाकेल, कोणीतरी सोबत हवं. लोक हसले. ठरलं असं काहीच नाही. सगळे चपला शोधत घरी गेले.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झालं. मी राष्ट्रगीताला नेहमीसारखा एक सूर खाली होतो. तिथून प्रार्थनागृहाकडे चालत निघालो तेव्हा मागे वळून बघायची हिंमत नव्हती, कारण मागे कोणी नसलं तर पाय तिथंच थांबले असते. अंगणात पोचलो. सतरंज्या आधीच अंथरलेल्या होत्या. बायको माझ्याआधी येऊन पोचली होती.

हळूहळू माणसं आली. नेहमीपेक्षा कमी. ऊसतोडीला गेलेल्यांच्या जागा रिकाम्या, आणि काही न गेलेल्यांच्याही. काका सगळ्यांत शेवटी आले आणि सतरंजीच्या अगदी कडेला बसले, पायांतल्या चपला न काढता. पळायची वेळ आली तर शोधाव्या लागू नयेत म्हणून. माझ्या चपलाही हाताशीच होत्या.

समोर रस्त्यापलीकडच्या शेताच्या बांधावर तिघं तरुण येऊन उभे राहिले. मोबाईल वर धरून. कुंपणाच्या फाटकाशी पाटील मोटारसायकलवर बसलेले, गाडी बंद न करता. तिचा फटफट आवाज चालूच होता.

मी उभा राहिलो. आवाज मोठा म्हणून निवडलेला माणूस, आणि आवाजच फुटेना. शेवटी फुटला तो असा, की पहिल्या वाक्याला मलाच ओळखू आला नाही. जिवंत देशासाठी मागतोय असं मी देवाला आधीच स्पष्ट सांगून टाकलं. मग लहान मागितलं. जे राज्य चालवतात त्यांना झोप कमी आणि लाज जास्त दे. जिल्ह्याला चांगला कलेक्टर दे, आणि जो आहे तो चांगला असेल तर त्याची बदली होऊ देऊ नको. पोलिसांना धीर दे. फाटकाशी बसलेल्या पाटलांच्या पेट्रोलची काळजी कर.

गाडी बंद झाली.

मग इतरांनी वाटे घातले. एका बाईने ऊसतोडीच्या फडावर पालांत राहणाऱ्या लेकरांसाठी मागितलं, की त्यांची शाळा बुडू नये, त्यांना साप चावू नये. कोणी एसटीसाठी मागितलं, की आठवड्यातून एकदा तरी वेळेवर यावी. पदरवाली आजी कोकणीत बराच वेळ मागत राहिली आणि त्यात सगळ्या पुढाऱ्यांची मधुमेहासकट नावं आली. बांधावरच्यांना काही कळलं नसणार. देवाला कळलं असणार, कारण तो आमच्या घरी लहानपणापासून येतो.

मग माझ्या मनात आलं आणि मी थांबवलं नाही. बांधावरचे तिघंही मला माहीत होते. मधला रोज पहाटे आमच्या रस्त्यावर पळतो, पोलीस भरतीसाठी. मी दुकानाची गाडी धरायला निघतो तेव्हा तो घामाघूम होऊन परत येत असतो. मी डोळे उघडे ठेवून, त्याच्याकडे बघत म्हणालो, “आणि प्रभू, समोर जो उभा आहे, त्याच्यासाठी. तो मनापासून पळतो. त्याला या भरतीत पास कर. त्याच्या अंगावर वर्दी चढू दे. आणि चढल्यावर, आमच्यापैकी कोणी त्याच्या ठाण्यात तक्रार घेऊन गेलं, तर त्याने ती घ्यावी.”

“आमेन,” अंगण म्हणालं. या वेळी सवयीने नाही. काका सगळ्यांत मोठ्याने.

त्या तरुणाने मोबाईल खाली घेतला. का घेतला, मला माहीत नाही. हात दुखला असेल. बाकीचे दोघं अजून थोडा वेळ टिपत राहिले, मग तेही निघाले. जाताना एकजण ओरडून काहीतरी म्हणाला, ते चांगलं नव्हतं. पाटलांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं, एवढंच. तो तुकडा पुन्हा फिरेल, कदाचित नवाही फिरेल. फिरू दे. नव्यात एक टकला माणूस डोळे उघडे ठेवून भरतीसाठी प्रार्थना करताना दिसेल. त्यावर लाल अक्षरांत काय लिहायचं ते त्यांनी ठरवावं. मी माझं ठरवलं आहे. हातात झेंडा धरून मी माइकपुढे गेलो नाही, जाणारही नाही. पण या देशासाठी देवापुढे बोलायचा माझा हक्क मला कोणी दिलेला नाही, म्हणून तो कोणी काढूनही घेऊ शकत नाही.

सतरंज्या झटकून आम्ही दोघं घरी निघालो. एक गुंडाळी तिच्या डोक्यावर, एक माझ्या खांद्यावर. मी थोडा फुगलो होतो, खोटं कशाला बोलू. वाटलं, ही आता काहीतरी बोलेल, बरं बोललात वगैरे.

ती म्हणाली, “कलेक्टरसाठी मागितलंत. पोलिसांसाठी, पाटलांच्या पेट्रोलसाठी, त्या पोराच्या नोकरीसाठी. तुम्हाला भीती वाटतेय, हे मात्र देवाला नाही सांगितलंत.”

“एवढ्या लोकांसमोर कसं सांगणार?”

“म्हणून मी सांगितलं. तुमच्या वाट्याचं पण.” तिने डोक्यावरची गुंडाळी सावरली. “आणि पंधरा ऑगस्टला पाऊस असतो. काकांना आत्ताच सांगून ठेवा, ताडपत्री अंगणातच बांधायची. आत जायचं नाही.”